रात्री दहाची पट्टी

वॉर्डातला कॅलिपर कुणीतरी नेला, परत आला नाही,
म्हणून मी पोराच्या कंपासपेटीतलं कर्कटक आणते.
एक टोक क्यूवर ठेवायचं,
दुसरं, टी जिथे जमिनीला टेकते तिथे.
टी कधी नीट टेकत नाही.
उताराच्या शेवटी जरा घुटमळते,
आणि त्या घुटमळण्याचं काय करायचं
ते पुस्तकात दीड ओळीत आहे,
नेरूळच्या पाचव्या मजल्यावर, रात्री, नाही.

पदीबाई ठाकूर, वय एकाहत्तर, करावे गाव.
ठोका भरकटला म्हणून आली.
तो पुन्हा भरकटू नये म्हणून सोटॅलॉल,
आणि सोटॅलॉलनेच तो भरकटू नये
म्हणून मी.

फॉर्मवर चौकोन आहेत.
स्त्री: हो. (याचाही एक गुण धरतात.)
अडुसष्टच्या वर: हो.
पाण्याची गोळी: सकाळी अर्धी.
मूत्रपिंड: वयाच्या मानानं ठीक.
इतर औषधं: नाही.
पोटॅशियम: तीन पॉइंट सहा, म्हणजे अगदी काठावर.

"पोट्याशम म्हंजे काय गो बाय?"
"एक प्रकारचं मीठच, आजी."
ती बिनकवळीचं हसली.
"मिठाचा तू मना नको सांगू."

मग तिनेच सांगितलं, हातवारे करत, सलाइनची नळी सांभाळत:
वीस वर्षं आगरात, पायाची सालं निघायची,
खाडीचं पाणी आत घ्यायचं, बाहेर सोडायचं,
सगळा खेळ उघाडीचा.
दार वेळेवर उघडलं नाही, पाणी आत राहिलं,
आणि तेवढ्यात दुसरी भरती आली, की बांध गेला.
मी मान डोलावली.
मला कॉलेजात हे समजायला दोन तास लागले होते
आणि तरी नीट समजलं नव्हतं.
गोळी दार जड करते. ठोका निचरायला वेळ घेतो.
निचऱ्याआधी पुढचा आला
तर रेघ दोरीसारखी पीळ घेते.
अशी रेघ मी एकदाच पाहिलीये.
दिसायला सुंदर होती.
हे कुणाला सांगितलेलं नाही.

सोमवारी रात्री, पहिल्या गोळीनंतर, चारशे अठ्ठेचाळीस.
मंगळवारी सकाळी चारशे एकाहत्तर,
पण ती पट्टी शार्वरीने मोजली, ती जरा आखडतं मोजते.
मंगळवारी रात्री पाचशे सहा.
पुन्हा मोजलं. दुसऱ्या लीडवर मोजलं.
चष्मा पुसून मोजलं: पाचशे चार.
दोन मिलिसेकंद, एवढंच माझ्या हातात होतं.

ती खोकली तेव्हा.
तोंड पुसायला उशीखालची पिशवी ओढली,
त्यातून अंगाऱ्याची पुडी पडली, एक सुपारी,
आणि पाच गोळ्यांचं पाकीट,
तीन कप्प्यांत नुसती फाटलेली चांदी.
"आजी, मी विचारलं होतं ना, दुसरं औषध?"
"हा औषध नाय गो. ही खोकल्याची.
गावच्या डाक्टरनी दिली."

मी विचारलं होतं. बरोबर शब्दांत विचारलं होतं,
माझ्या मराठीत.
तीच अँटिबायोटिक, जी तेच दार आणखी जड करते,
आणि चौकोनात माझ्याच अक्षरातलं: नाही.

डॉक्टर निमकर फोनवर झोपेतून जागे होत म्हणाले,
पुढची गोळी नको, मॅग्नेशियम लावा, पोटॅशियम वर आणा,
मॉनिटर सोडू नका.
'नाही' खोडलं. वर लिहिलं, तारीख घातली, सही केली.
हाताला घाम होता, शाई पसरली.

आता ती झोपलीये, तोंड उघडं.
खाली पाम बीचचे दिवे, त्यापलीकडे खाडी,
काळोखात भरती की ओहोटी कळत नाही.
तिला कळलं असतं.
मी हिरव्या रेघेवर एकेक टी उतरताना बघते,
टेक, बाई, टेक.

कर्कटक मुठीत आहे, टोक रुततंय.
सात वाजता पोराचा भूमितीचा पेपर.